पिल्लं आधी बाउलमधून काढा, मग ती कुणाची ते पाहू

वाचकाचं पत्र

आमच्याकडे ६० लिटरची टाकी आहे, दीड वर्षापासून नीट चाललेली. तिच्यात दोन काळ्या मॉली, चार केशरी प्लॅटी, पाच झेब्रा डॅनिओ आणि शेवाळ खाणारा एक सकर आहे. मॉली आणि प्लॅटी घेताना सगळ्या माद्याच निवडल्या होत्या, कारण पिल्लं नकोच होती. परवा सकाळी लाइट लावला तर झाडांत बारीक पिल्लं दिसली. अकरा मोजली. दुपारपर्यंत नऊच उरली. घाबरून सात पिल्लं जाळीने पकडली आणि स्वच्छ पाणी भरून काचेच्या बाउलमध्ये ठेवली, तर त्यातली दोन रात्रीत मेली. टाकीच्या मागच्या काचेवर बारीक पारदर्शक काड्याही चिकटल्यासारख्या दिसतात. ती पिल्लं आहेत की किडे, कळत नाही. नर नसताना पिल्लं झाली कशी? कुणाची आहेत? खायला काय घालू? आणि माझी नऊ वर्षांची लेक विचारते आहे, की सगळी जगतील ना? जगलीच तर इतक्यांचं करायचं काय?

उत्तर

तुमचा प्रत्येक प्रश्न घेते, पण क्रम बदलून. बाउलमध्ये उरलेल्या पाच पिल्लांची सोय आधी करायची आहे. पुढचे तीन-चार परिच्छेद वाचून झाले की उठा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

पिल्लं दिसली की बहुतेकजण हेच करतात. मोठे मासे खातील म्हणून ती उचलायची आणि स्वच्छ पाण्यात ठेवायची. भीती खरी आहे, पण हा उपाय त्याहून धोक्याचा ठरतो. मासा ज्या पाण्यात राहतो त्याच पाण्यात कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर पडते. चालू टाकीत या अमोनियाची विल्हेवाट लावणारे जिवाणू असतात. ते पाण्यात फार नसतात. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर आणि पानांवर थर करून राहतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्यामानाने कमी घातक असं नायट्रेट. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीत ते भरपूर आहेत, बाउलमध्ये जवळजवळ नाहीत. शिवाय बाउलचं पाणी खोलीबरोबर तापतं आणि गार होतं, आणि ते थेट नळाचं असेल तर त्यात क्लोरीनही आलं. जेमतेम एक सेंटिमीटरच्या जिवाला एवढं सोसत नाही. दोन पिल्लं गेली ती बहुधा यामुळेच. तुम्ही त्यांना वाचवायलाच धावलात आणि हे आधी कुणी सांगितलेलं नव्हतं, तेव्हा स्वतःला बोल लावू नका.

आता करायचं काय? पिल्लांना टाकीच्याच पाण्यात, पण मोठ्या माशांपासून वेगळं ठेवायचं. टाकीच्या काचेला आतून लावायचा जाळीचा ब्रीडिंग बॉक्स मिळतो, तो उत्तम. तो मिळेपर्यंत पारदर्शक प्लॅस्टिकचा खाण्याचा डबा चालेल. साबण न लावता धुवा, गरम सुईने चहूबाजूंनी भरपूर भोकं पाडा आणि काठ पाण्याच्या थोडे वर राहतील असा टाकीत अडकवा. भोकं पिल्लाच्या डोक्यापेक्षा बारीक हवीत. डबा फिल्टरच्या धारेखाली ठेवू नका, पण अगदी निवांत कोपऱ्यातही नको. पाणी हलकं फिरतं राहिलं पाहिजे. आत टाकीतल्या झाडाची एखादी फांदी सोडा.

पिल्लं थेट ओतायची नाहीत. बाउलमधून ती थोड्या पाण्यासकट पेल्याने उचला, त्यात टाकीचं पाणी चमचा चमचा घालत अर्धा तास काढा आणि मग डब्यात सोडा. यापुढे पिल्लांसाठी जाळी वापरू नका. जाळीत त्यांची कातडी आणि कल्ले दुखावतात. पेला पाण्यात बुडवून त्यांना आत येऊ दिलं की काम होतं.

आणखी एक गोष्ट आजच करा. फिल्टरचं पाणी ओढणारं तोंड स्पंजच्या तुकड्याने किंवा जुन्या, धुतलेल्या नायलॉनच्या मोज्याने झाका. सकाळची अकरा दुपारी नऊ झाली, त्याचा दोष आपण लगेच आईला देतो. पण एवढ्या लहान पिल्लाला फिल्टरही सहज ओढून घेतो. फिल्टर उघडून बघा, कधी कधी पिल्लं आत जिवंत सापडतात.

हे झालं असेल तर आता ओळख पटवू.

पिल्लू कुणाचं हे ठरवताना रंगाच्या मागे लागू नये, रंग उशिरा येतो आणि फसवतो. पिल्लू पहिल्या दिवशी कसं वागतं ते बघावं. घरच्या टाक्यांमध्ये अचानक पिल्लं दिसतात ती बहुतेक वेळा पिल्लं घालणाऱ्या माशांची असतात: गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल. यांची अंडी मादीच्या पोटातच वाढतात आणि बाहेर येतं ते पोहणारं पिल्लू. दोन ठळक डोळे, भरलेलं अंग, शेपटी हलवत सरळ जाणं, धोका वाटला की पानाआड शिरणं आणि जन्मल्यापासून काही तासांतच खायला लागणं. तुम्ही लाइट लावताच जी झाडांत पळताना दिसली आणि जी तुम्हाला मोजता आली, ती या गटातलीच. म्हणजे तुमच्याकडे दोनच उमेदवार उरतात, मॉली आणि प्लॅटी.

त्यातलं कोण? मॉलीची पिल्लं जन्मतःच साधारण एक सेंटिमीटर असतात, प्लॅटीची थोडी लहान. काळ्या मॉलीची पिल्लं बहुधा सुरुवातीपासून काळपट किंवा ठिपक्यांची निघतात. केशरी प्लॅटीची पिल्लं फिकट, पारदर्शकतेकडे झुकणारी आणि अंगावर केशरी छटा असलेली. पिल्लांपेक्षा आयांकडे पाहिलं तर लवकर कळतं. कालपर्यंत चौकोनी दिसावं इतकं फुगलेलं पोट एखादीचं एकदम बसलं असेल तर तीच ती. व्यालेली मादी दिवसभर जरा कोपऱ्यात, झाडाच्या आडोशाला राहते. प्लॅटीच्या पोटाच्या मागच्या टोकाला, गुदद्वाराजवळच्या पराशी (पर म्हणजे माशाचा पोहायचा पंख), गर्भाचा गडद डाग असतो. व्यायल्यावर तो फिका पडतो. काळ्या मॉलीत हा डाग दिसतच नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत पोटाचा आकार एवढीच खूण. तरीही नक्की ठरलं नाही तर बिघडत नाही. दोघींच्या पिल्लांचं खाणं आणि पाणी सारखंच आहे, आणि दोन-तीन आठवड्यांत रंग स्वतःच सांगेल.

काचेवरच्या काड्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तुमच्या पत्रातला मला सर्वांत आवडलेला भाग तोच, कारण बहुतेकांना त्या दिसतच नाहीत. रात्री लाइट बंद करून टॉर्च बाजूने मारा आणि भिंग असेल तर भिंगातून बघा. काडीच्या एका टोकाला दोन काळे डोळे दिसले तर ते माशाचं पिल्लू आहे, आणि तुमच्या टाकीत ते झेब्रा डॅनिओचं असण्याची शक्यता सर्वाधिक. डॅनिओ अंडी घालतात. पहाटे, लाइट लागल्याबरोबर, नर मादीचा पाठलाग करतात आणि मादी शंभराच्या घरात अंडी खड्यांवर विखरून टाकते. अंडी चिकट नसतात, खड्यांच्या फटींत जातात. बरीचशी मोठे मासेच खातात, उरलेल्यांतून दोन-तीन दिवसांत जेमतेम तीन मिलिमीटरची पिल्लं निघतात. त्यांना लगेच पोहता येत नाही. डोक्यावरच्या चिकट भागाने ती काचेला किंवा पानाला धरून राहतात, पोटातल्या बलकावर जगतात आणि अंडं पडल्यापासून साधारण पाचव्या दिवशी पोहायला आणि खायला लागतात.

डोळे दिसले नाहीत तर मग मासा नाही. वळवळत लांब-आखूड होणारा पांढरा दोरा म्हणजे खड्यांतला निरुपद्रवी कृमी. पाण्यात झटके देत उड्या मारणारे पांढरे ठिपके हे सूक्ष्म कवचधारी जीव, ते तर पिल्लांचं खाणंच आहे. चपटा, घसरत जाणारा आणि त्रिकोणी डोक्याचा असेल तर तो प्लॅनेरिया. तो दिसला की टाकीत खाणं जास्त पडतंय असं समजावं. मात्र एका टोकाने काचेला चिकटलेला आणि दुसऱ्या टोकाला चार-सहा बारीक धागे पसरलेला जीव दिसला तर तो हायड्रा आहे. त्या धाग्यांत डंख असतो आणि त्यात डॅनिओच्या पिल्लाएवढं काहीही अडकतं. मोठ्या माशांना त्याचा त्रास नाही, पण पिल्लांच्या डब्यात तो नको. नवीन झाडं आणली असतील तर सहा पायांची चतुराची अळीही येऊ शकते. ती शिकारी आहे; दिसली की लगेच बाहेर काढा.

हे वाचणाऱ्या ज्यांच्या टाकीत वेगळे मासे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. पाण्यावर फेसाचा पुंजका आणि त्याखाली एकच मासा पहारा देतोय, तर ते फायटर किंवा गुरामीचं घरटं. पहारेकरी हा बाप असतो, पिल्लं पोहायला लागेपर्यंत त्याला हलवू नये. पानावर किंवा उभ्या काचेवर अंड्यांच्या ओळी आणि भोवती चिडलेली जोडी म्हणजे एंजल. गुहेजवळ पिल्लांचा थवा आणि इतर सगळे मासे एका कोपऱ्यात दाबलेले, तर ते काँव्हिक्टसारखे सिक्लिड, आणि तिथे वाचवायचं असतं ते इतर माशांना. आफ्रिकन सिक्लिडची मादी गाल फुगवून काही खातच नसेल तर पिल्लं तिच्या तोंडात आहेत. दोन-तीन आठवडे ती अशीच राहते. गोल्डफिशची पिल्लं तपकिरी निघतात आणि काही महिने तशीच राहतात, म्हणून ती दुसऱ्या कुठल्या माशाची आहेत असं समजू नका. लाकडाला चिकटलेलं, मिशाळ सकराची छोटी प्रत वाटणारं पिल्लू सकराचंच.

तुमचा सकर एकटा आहे, तेव्हा तो या गोष्टीत नाही.

आता नर नसताना पिल्लं कशी? याची दोन उत्तरं असू शकतात, दोन्ही तपासा. पहिलं जास्त संभवतं. मॉली, प्लॅटी, गप्पी यांची मादी एकदा नराशी संयोग झाला की त्याचं शुक्र शरीरात साठवून ठेवते आणि त्यातून महिनोन्‌महिने, एकामागून एक वेत काढू शकते. नर-मादी एकत्र वाढलेल्या टाकीतून आणलेली वयात आलेली मादी जवळजवळ नेहमी आधीच गाभण असते. पण तुमची टाकी दीड वर्षाची आहे. त्या माद्याही तितक्याच जुन्या असतील आणि हे पहिलंच वेत असेल, तर साठवलेलं शुक्र इतका काळ पुरणं अवघड. त्याआधीची वेतं तुमच्या लक्षात न येता खाल्ली गेली, असंही होतं. पण दुसरं कारण मला इथे दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही.

ते कारण म्हणजे उशिरा वयात येणारा नर. प्लॅटी आणि तिचा भाऊबंद स्वोर्डटेल यांच्यात काही नर लवकर वयात येतात आणि लहान राहतात, काही मात्र बरेच महिने मादीसारखेच दिसतात, अंगानेही मोठे होतात आणि मग एके दिवशी त्यांचा पर बदलतो. मादीचा नर झाला अशा ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यातल्या बऱ्याच अशा उशिराच्या नरांच्या असतात. तुमच्या सहाही मॉली-प्लॅटी एकेक करून बघा. पोटाखालचा, गुदद्वाराजवळचा पर बघायचा. तो पंख्यासारखा पसरलेला असेल तर मादी. अरुंद होऊन काडीसारखा मागे वळलेला असेल तर नर. चार प्लॅटींत एक जरी असा निघाला तर कोडं सुटलं, आणि पुढचं नियोजनही त्यावरच ठरेल.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवसापासून मॉली-प्लॅटीची पिल्लं मोठ्यांचंच खाणं खातात, फक्त ते त्यांच्या तोंडात मावलं पाहिजे. रोजचे फ्लेक्स दोन बोटांत चुरून अगदी पीठ करा. दाणा पिल्लाच्या डोळ्यापेक्षा मोठा नसावा, हे माप लक्षात ठेवायला सोपं आहे. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. पोट गोल आणि खाण्याच्या रंगाचं दिसलं की पुरेसं झालं. उरलेलं ड्रॉपरने लगेच उचला. पिल्लं उपासाने मरतात त्याहून जास्त ती उरलेल्या खाण्याने बिघडलेल्या पाण्यात मरतात, म्हणून हात आखडता ठेवणं बरं. मॉलीला वनस्पतीही लागते; स्पिरुलिना असलेले फ्लेक्स आणि झाडांवरचं शेवाळ तिच्या पिल्लांना मानवतं. उकडलेल्या अंड्याचा बलक द्यावा असं जुन्या पद्धतीत सांगतात. पिल्लं तो खातात, पण त्याने पाणी इतक्या वेगाने नासतं की ६० लिटरच्या टाकीत आणि पहिल्याच वेळी मी तो सुचवणार नाही.

वाढ जोमदार हवी असेल तर आठवड्यातून काही वेळा ताजं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, द्या. त्याची अंडी विकत मिळतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, तापमान २६ ते २८ अंश, एअर पंपची नळी आणि उजेड एवढ्यावर २४ ते ३६ तासांत ती फुटतात. मग हवा बंद करायची आणि एका बाजूला टॉर्च लावायचा. टरफलं वर तरंगतात आणि केशरी जीव उजेडाकडे गोळा होतात. ते ड्रॉपरने उचलून, बारीक कापडावर गोड्या पाण्याने धुऊन लगेच घालायचे, कारण त्यांच्या अंगातलं सत्त्व तासागणिक कमी होतं. हलणारं खाणं दिसताच पिल्लं त्यावर तुटून पडतात. तुमच्या लेकीला हे काम द्या. यात तिला खरंच काहीतरी घडताना दिसेल.

डॅनिओच्या काड्यांना यातलं काहीच चालत नाही. त्यांचं तोंड इतकं बारीक असतं की पोहायला लागल्यावरचे पहिले काही दिवस त्यांना डोळ्यांना न दिसणारे पाण्यातले जीव लागतात, म्हणजे इन्फ्युसोरिया. टाकीच्या पाण्यात सुकलेलं पान टाकून ती बरणी खिडकीपाशी आठवडाभर ठेवली की ते तयार होतात. तुमच्याकडे ते आज तयार नाहीत आणि काड्या दोन-तीन दिवसांतच पोहायला लागतील. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या खेपेला डॅनिओंच्या मागे लागू नका. त्यांना काचेवरच राहू द्या. टाकीत जावा मॉस ही शेवाळासारखी वनस्पती घनदाट वाढलेली असेल तर त्यातलं एखादं पिल्लू वाचेलही, कारण मॉसवर हे सूक्ष्म जीव आपोआप असतात. डॅनिओ पुन्हा अंडी घालणार आहेत. पुढे कधी इच्छा झाली तर बरणी आधी तयार करा आणि मग अंडी गोळा करा.

पाण्याबद्दल फार काही नवं नाही, कारण डबा टाकीतच आहे. फक्त टाकीवरचा भार वाढलाय. आतापर्यंत आठवड्याला पाणी बदलत असाल तर आता दर तीन-चार दिवसांनी साधारण १५ टक्के बदला. नवं पाणी अँटीक्लोरीन घातलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. २४ ते २७ अंशांच्या मधलं स्थिर तापमान या सगळ्यांना मानवतं. मॉली आणि प्लॅटी मूळच्या मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या. त्यांना क्षार असलेलं, जड पाणी आवडतं. पाणी फारच मऊ असेल तर मॉली एका जागी डोलत राहतात, तसं दिसलं तर पाण्याची तपासणी करा. टेस्ट किट घरात असू द्या: अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. पाणी काढताना जाड पाइप न वापरता एअर पंपची बारीक नळी घ्या आणि पाणी पांढऱ्या बादलीत काढा, म्हणजे एखादं पिल्लू ओढलं गेलं तर लगेच दिसेल. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही. काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळून घ्यायचा. डब्याची भोकंही दर दोन-तीन दिवसांनी बघा, शेवाळाने बुजली की आतलं पाणी साचतं आणि मग त्या डब्याचाही बाउलच होतो.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. सगळी जगणार नाहीत, आणि नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगता येतं. तिला असं सांगा: मॉली एका वेळी वीस, तीस, मोठी असेल तर त्याहूनही जास्त पिल्लं घालते, कारण पाण्यात बरीचशी कुणाचं ना कुणाचं खाणं होणार हे त्या जातीच्या जगण्यातच आहे. आई पिल्लांना ओळखत नाही. तोंडात मावणारं काही हललं की ती ते खाते, यात तिचा दुष्टपणा नाही. डब्यातल्या पाचांपैकी पहिला आठवडा जी काढतील त्यांची पुढची आशा चांगली आहे. एखादं पाठीतून वाकडं असेल, तळाशी उड्या मारत चालत असेल, पोहताना कलत असेल, तर ते जन्मतःच अधू आहे. औषधाने ते सुधारत नाही. त्याला टॉयलेटमध्ये टाकून फ्लश करणं मात्र क्रूर आहे. ते खात असेल तर जगू द्या, फक्त पुढे त्याचं वेत होऊ देऊ नका. त्याचे हाल होताना दिसत असतील तर माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना विचारा, वेदना न होता शेवट करण्याचे मार्ग त्यांना माहीत असतात. मेलेलं पिल्लू दिसलं तर ताबडतोब काढा. मुलीपासून लपवायची मला गरज वाटत नाही. तिने पिल्लांना नावं दिली असतील, तर तिला हे विचारण्याचाही हक्क आहे.

डब्यात पिल्लांना किती दिवस ठेवायचं हे दिवसांवर ठरत नाही. टाकीतल्या सर्वांत मोठ्या माशाच्या तोंडात ती मावणार नाहीत इतकी झाली की बाहेर सोडायची. नीट खाणं मिळालं तर साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याच सुमाराला त्यांचे पर बघायला सुरुवात करा. काडीसारखा पर दिसू लागलेली पिल्लं वेगळी करायची, कारण दोन-तीन महिन्यांच्या माद्याही गाभण राहू शकतात आणि सख्ख्या भावंडांची त्याला आडकाठी नसते.

आणि मग तुमचा शेवटचा प्रश्न, जो खरं तर आजच सोडवायला हवा. तुमच्याकडे सहा माद्या धरल्या, प्रत्येकीचं वेत साधारण महिन्याला आणि प्रत्येक वेळी नुसती वीस पिल्लं, तरी महिन्याला १२० होतात. ६० लिटरची टाकी तुमच्या आताच्या बारा माशांनीच जवळपास भरलेली आहे. म्हणून सगळी वाचवणं हे ध्येयच ठेवू नका. ज्या चार-सहांना कायमची जागा देता येईल किंवा ज्यांच्यासाठी घेणारं माणूस आधीच ठरलंय, तेवढीच उचला. बाकीची टाकीतच राहू द्या. मोठे मासे आहेत, झाडं आहेत. जी लपतील ती जगतील. हे निर्दयपणाचं वाटेल, पण गच्च भरलेल्या टाकीत शंभर खुरटलेली, पर कुजलेली पिल्लं वाढवण्यापेक्षा यात माशांचे हाल कितीतरी कमी आहेत. सहांत नर निघाला तर त्याला दुसऱ्या टाकीत हलवा किंवा नराच्या शोधात असलेल्या कुणाला तरी द्या. तरीही साठवलेल्या शुक्रामुळे काही महिने पिल्लं येत राहतील, तेव्हा उपाय फसला असं समजू नका.

पिल्लं द्यायची तर टाकी चालू असलेल्या माणसालाच द्या, बाउलवाल्याला नाही. माशांची विक्री करणारे बरेचजण वाढलेली पिल्लं ठेवून घेतात. न्यायच्या आधी विचारून घ्या. काहीही झालं तरी ती ओढ्यात, तळ्यात, विहिरीत किंवा गटारात सोडायची नाहीत. सोडून देणं दयेचं वाटतं, पण मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि गप्पी अशाच सोडलेल्या माशांतून जगभरातल्या उबदार पाण्यांत पसरले आहेत. तिथल्या मूळच्या माशांचं अन्न आणि जागा ते घेतात, आपल्या टाकीतले रोगही सोबत नेतात. शुक्र साठवणारी एक गाभण मादीसुद्धा नवी वस्ती उभी करायला पुरेशी असते.

पिल्लं दिसली ती तारीख लिहून ठेवा. तीच मादी साधारण चार आठवड्यांनी पुन्हा व्येईल, मॉली असेल तर थोडी उशिरा. पाणी गार असेल तर दोघींनाही जास्त दिवस लागतात. त्याच्या आठवडाभर आधी टाकीत हॉर्नवर्ट ही तरंगणारी वनस्पती किंवा जावा मॉसचा मोठा पुंजका सोडा. गाभण मादीला ब्रीडिंग बॉक्समध्ये मात्र कोंडू नका. त्या अडचणीत ती घाबरते, वेत पुढे ढकलते किंवा पोटाला अजून बलक असलेली अर्धवट पिल्लं टाकते. तिला मोकळं राहू द्या, आणि पिल्लं आली की हवी तेवढी पेल्याने उचला.